भटूभाऊंची काचेतली पोरं

भटूभाऊंना दोन मुली होत्या आणि साधारण चार कोटी मुलगे. मुली डिंडोलीला त्यांच्या घरी वाढत होत्या आणि मुलगे आमच्या प्रयोगशाळेतल्या सहा बाटल्यांत. चार कोटी हा आकडा माझ्या पदरचा नाही. मी तो भिंगाखाली चौकटीच्या काचेवर मोजलेला आहे, आणि मोजता मोजता माझ्या मानेचं जे व्हायचं ते झालेलं आहे.

हे मुलगे म्हणजे काळ्या आजाराचे जंतू. एका बिहारी रुग्णाच्या हाडाच्या मगजातून निघालेले, तीन हातांतून फिरून सुरतेला आलेले. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सुरतेत जंतूंना एकाएकी भाव आला होता. कुठलाही जंतू घेऊन दिल्लीला अर्ज केला की निदान उत्तर तरी यायचं. आमचे सर, डॉ. भाईदास जरीवाला, यांनी अर्ज केला आणि तो चक्क मंजूर झाला. सरांचं काम करायला मी, म्हणजे वंदना देवस्थळी. बँकेतल्या वडिलांची नाशिकहून बदली झाली म्हणून सुरतेला आलेली, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात अडकलेली, आणि नाकावर कायम राग असलेली. आणि माझं काम करायला भटूभाऊ.

भटूभाऊ मूळचे अमळनेरकडचे. कडोदऱ्याला मागावर नऊ वर्षं काढली, त्यात डावा कान गेला. मग कुणाच्या तरी ओळखीने आमच्या संस्थेत रोजंदारीवर लागले ते अकरा वर्षं रोजंदारीवरच राहिले. डाव्या बाजूने काही सांगितलं तर गोड हसायचे आणि काहीच करायचे नाहीत. नवीन आलेल्यांना वाटायचं माणूस मंद आहे. उजव्या बाजूने सांगितलं तर सांगितल्यापेक्षा जास्त करायचे, आणि खरा धोका तोच होता, हे मला फार उशिरा कळलं.

जंतूंना ते सुरुवातीपासून 'पोरं' म्हणायचे. बाटली उजेडासमोर धरायची, हलकेच तिरपी करायची, आतल्या पाण्याचा गढूळपणा बघायचा आणि निकाल द्यायचा, "ताई, आज पोरं उपाशी शेतस." मी खाऊ घालायची, म्हणजे त्यांचं ते गुलाबी पाणी बदलायची. पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा बाटली उजेडात, आणि, "आते पोरं वयमा उनात." मी भिंगाखाली बघायची तर खरंच सडपातळ, चपळ, लांब शेपटीचे, माणसाला आजारी पाडायच्या वयाचे झालेले असायचे. मला जे कळायला अर्धा तास आणि परदेशी भिंग लागायचं, ते यांना खिडकीशी उभं राहून कळायचं. मला याचा आनंद व्हायला हवा होता. मला राग यायचा.

या पोरांना सव्वीस अंशांत ठेवावं लागतं. सुरतेच्या जूनमध्ये सव्वीस अंश म्हणजे काय ते सुरतेच्या माणसालाच विचारा. वीज गेली की भटूभाऊ कोपऱ्यावरच्या बर्फवाल्याकडून लादी आणायचे, ती गोणपाटात गुंडाळून बाटल्यांच्या कपाटात ठेवायचे आणि दर दहा मिनिटांनी आत हात घालून बघायचे. रविवारी यायचे. दिवाळीला यायचे, आणि पाडव्याच्या दिवशी बाटल्यांच्या कपाटाला झेंडूची माळ घातलेली मी स्वतः काढली आहे.

आता माझं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ समजेल. या जंतूच्या अंगावर साखरेच्या रेणूंचा थर असतो. जंतू लहान असताना ही साखर उघडी असते, तिच्या जोरावर तो वाळूमाशीच्या पोटात आतड्याला चिकटून राहतो. मोठा झाला की थर बदलतो, ती साखर झाकली जाते, मग तो सुटतो आणि माशी चावली की माणसात शिरतो. आणि गंमत अशी की कच्च्या शेंगदाण्यात एक प्रथिन असतं, ते नेमकं त्या लहानपणीच्या साखरेलाच चिकटतं. दाण्याचा अर्क बाटलीत घातला की लहान जंतूंचे गठ्ठे होतात आणि मोठे मोकळे पोहत राहतात. कुठल्या वयात अंगावर काय आहे, हे शेंगदाणा सांगतो. मी हे भटूभाऊंना समजावलं तेव्हा ते उजवा कान पुढे करून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे पोरगा मोठा झाला का सदरा बदलस." मी म्हटलं, हो, तसंच काहीसं.

जानेवारीत पहिला अर्क मी केला. शंभर ग्रॅम कच्चे दाणे भिजवून त्यांची सालं नखांनी काढली. दोन दिवस नखं दुखत होती. अर्क केला, आधी रक्ताच्या पेशींवर तपासला, त्यांचे गठ्ठे झाले, म्हणजे अर्क चांगला, मग जंतूंवर घातला. लहानांचे झकास गठ्ठे झाले. सरांनी मला पेढा दिला आणि दिल्लीला लगेच पत्र टाकलं. दुसऱ्या अर्कासाठी मी दाण्यांची पिशवी भटूभाऊंच्या हातात दिली आणि उजव्या कानात सांगितलं, "साली काढून, अगदी बारीक कुटून आणायचं." ते म्हणाले, "हाऊ ताई, सखूबाई करी देई." सखूबाई म्हणजे त्यांची बायको.

तेव्हापासून गठ्ठे बंद.

फेब्रुवारीत नाहीत. मार्चमध्ये नाहीत. मी पाणी बदललं, मीठ बदललं, काचेची भांडी बदलली, एका सोमवारी तर केसांचा भांग बदलला. जंतू लहान असोत की मोठे, अर्कात मजेत पोहायचे. रक्ताच्या पेशींवर दरवेळी अर्क तपासायचा असतो. तो मी पहिल्यांदा तपासला होता आणि पुढच्या प्रत्येक वेळी वहीत नुसती बरोबरची खूण केली होती. शेंगदाणा तो शेंगदाणा, त्याला काय होणार आहे, असं माझं शास्त्र. ही गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही.

भटूभाऊ मात्र दर पंधरवड्याला स्टीलचा डबा घेऊन यायचे. आत पांढराशुभ्र, मऊ कूट, छपाई बिघडलेल्या साडीच्या तुकड्यातून चाळलेला. असेटोन आणि जंतूंच्या पाण्याच्या वासात माझं नाक केव्हाच निकामी झालं होतं. अर्काला लागायचा तेवढा कूट मी घ्यायची आणि उरलेला डबा सरांच्या खोलीत जायचा, कारण सरांना तो चहाबरोबर आवडायचा. चमच्याने खायचे. वर साखर भुरभुरून. "वंदनाबेन, तमारा मराठी लोकोने दाणा खातां आवडे छे," असं मला दोनदा म्हणालेही होते. दाणे खावेत ते मराठी लोकांनीच! मी मान डोलावली होती आणि एक चमचा मीही खाल्ला होता.

जून उजाडला. सरांचा चेहरा आंबत चालला होता, कारण दिल्लीला पाठवलेलं पत्र परत मागवता येत नाही. त्यातच भटूभाऊंचा कागद आला. अकरा वर्षांनी संस्थेने रोजंदारीवरच्या काही लोकांना कायम करायचं ठरवलं होतं. भटूभाऊंचं नाव यादीत होतं. फक्त सरांची सही हवी होती, आणि कागद शुक्रवारी दुपारपर्यंत मुख्य कार्यालयात पोचायला हवा होता. सही नाही तर नाव बाद, आणि त्यांच्या वयात दुसरं काम म्हणजे पुन्हा कडोदऱ्याचे माग, उरलेल्या एका कानासकट.

सर सही करतील अशी सगळ्यांची खात्री होती. पण सर म्हणजे सर. आधीच्या दोन मदतनिसांना त्यांनी घरी पाठवलं होतं, एकाला बाटल्या शिकेकाईने धुतल्या म्हणून आणि दुसऱ्याला शिकेकाईने का धुतल्या नाहीत म्हणून.

त्या आठवड्यात सोमवारी भटूभाऊ आले नाहीत. ताप होता. काळ्या आजाराच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं काढून माणसाने साध्या हिवतापाने झोपावं, यावर मी थोडं हसले, आणि मग लक्षात आलं की कूट नाही. म्हणून मंगळवारी सकाळी रिक्षा करून डिंडोलीला गेले.

एका खोलीचं घर. भटूभाऊ खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेले, डावा कान वर, त्यामुळे माझ्या येण्याचा त्यांना पत्ताच नाही. सखूबाई चुलीपुढे. चुलीवर लोखंडी कढई. कढईत दाणे. आणि सबंध खोलीत असा काही खमंग वास, की माझ्या मेलेल्या नाकालाही जाग आली.

"या ताई, बसा," सखूबाई म्हणाल्या. "तुमनाच दाना शे. आते व्हई जाई."

मी बसले नाही. मी विचारलं, "सखूबाई, हे भाजता का तुम्ही?"

"मग?"

"दरवेळी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या आईने मला कधी काही शिकवलंच नव्हतं. "भुंज्याशिवाय साल निघस का? अन कच्चा दाना कोनी कुटस का, ताई? खाईसन लहान पोरेस्ना पोटमा दुखी ना!"

आता मला सांगा, यावर काय बोलायचं? त्यांना वाटत होतं हा पोरांचा खाऊ आहे. साडीमागे तीन रुपये घेऊन लोकांच्या साड्यांना फॉल लावणारी ही बाई पाच महिने मंद आचेवर, एकही दाणा करपू न देता, काळ्या आजाराच्या जंतूंसाठी दाणे भाजत होती. आणि तिचं बरोबरच होतं. आमच्या घरीही कुणी कच्चा दाणा कुटला नसता. आपल्याकडे दाण्याची साल काढायची म्हणजे आधी तो भाजायचाच, हे इतकं ठरलेलं आहे की मी 'भाजू नका' म्हणायची गरज आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. अन् खमंग भाजलेल्या दाण्यातलं ते प्रथिन कामातून जातं. निदान आमच्या कामाचं तरी राहिलं नव्हतं.

"छान आहेत," मी म्हटलं. डबा घेतला आणि निघाले. पण माझा चेहरा लपवायची विद्या मला कधीच आली नाही. सखूबाई दारापर्यंत आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

रिक्षात बसून मी हिशोब लावला. खरं सांगितलं तर सर चिडणार, चिडले की त्यांना कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे सही न झालेला माणूस. म्हणून ठरवलं, शुक्रवारपर्यंत मौन. चौटा बाजारातून अर्धा किलो कच्चे दाणे घेतले, घरी भिजत घातले. सही झाली की गुपचूप नवा अर्क, गुपचूप गठ्ठे, आणि दाणे भाजल्याची गोष्ट माझ्यासोबत वर जाईल. स्वतःवर मी चांगलीच खूश होते.

बुधवारी भटूभाऊ कामावर आले, गळ्याला मफलर गुंडाळून. आल्या आल्या उजवा कान माझ्याकडे करून विचारलं, "ताई, भुंजेल दाना चालत नही का?"

"चालतो की," मी म्हटलं.

त्यांनी फडकं उचललं. बाटल्या पुसायला लागले.

अकरा वाजता सर आले, एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात दिल्लीचं पत्र. डबा टेबलावर ठेवला, पत्र वाचून दाखवलं नाही. थेट बाटल्यांच्या कपाटापुढे उभे राहिले आणि म्हणाले की आता माझी खात्री पटली आहे, हे जंतूच नासले आहेत, यांच्या अंगावरची साखरच बदलली आहे, पाटण्याहून नवीन मागवायचे. मग भटूभाऊंकडे वळून, "आ बधुं ऑटोक्लेवमां नाखी दो."

ऑटोक्लेव म्हणजे आमचा वाफेचा मोठा कुकर. त्यात गेलेलं काहीही जिवंत बाहेर येत नाही. सरांनी माझ्याकडे बघितलं. "बरोबर ने, वंदनाबेन?"

मला बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "हो सर. जंतूच बिघडले असावेत." इतकं खोटं मी त्याआधी फक्त एकदा बोलले होते, लग्नासाठी बघायला आलेल्या एका मुलाला.

भटूभाऊंनी ढकलगाडी आणली. सहा बाटल्या एकेक करून तिच्यात ठेवल्या, अगदी सावकाश, खाली रुमाल घालून. गाडी दारापर्यंत नेली. तिथे थांबले. मग वळले आणि सरांसमोर येऊन उभे राहिले, मफलर काढून हातात घेतला.

"साहेब, छोकरांनो वांक नथी," ते म्हणाले. "वांक मारो छे. दाणा में शेकावेला." पोरांचा दोष नाही, साहेब, दोष माझा, दाणे मी भाजून आणवले.

सरांना आधी समजेना. मग समजलं, आणि त्यांचा रंग जांभळ्याकडे जायला लागला. "पांच महिना?" ते ओरडले. "पांच महिना शेकेला दाणा?" संस्थेच्या गच्चीवरची कबुतरं उडाली असतील. भटूभाऊ मान खाली घालून उभे होते. काळ्या आजाराच्या चार कोटी जंतूंचा जीव वाचावा म्हणून हा माणूस स्वतःची नोकरी देऊन टाकत होता, आणि मी, जिने त्यांना सगळं शिकवलं, तिच्या तोंडाला कुलूप. मला माझी इतकी चीड आली की तीच माझ्या कामी आली.

"सर, मी भाजू नका म्हणाले नव्हते," मी म्हटलं. "आणि पहिल्यानंतर अर्क मी तपासलाच नाही. एकदाही नाही. वहीतल्या खुणा खोट्या आहेत."

सर माझ्याकडे वळले. आता माझी पाळी होती. पण ओरडण्याआधी आधार म्हणून त्यांनी टेबलावर हात टेकला, आणि तो हात नेमका स्टीलच्या डब्यावर पडला. डबा अर्धा रिकामा होता. आत चमचा होता. चमच्याला साखर.

त्यांनी डब्याकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. आमच्यापैकी ज्याने पाच महिने रोज, न चुकता, तो दाणा चघळून खाल्ला होता, तो माणूस सुरती होता, खाण्यात जन्म गेलेला, हुरड्याच्या वासावरून शेत ओळखणारा.

"हुं तो रोज खातो हतो," सर अगदी हळू म्हणाले. मी तर रोज खात होतो.

मग त्यांना आपण प्रमुख आहोत याची आठवण झाली असावी. शुक्रवारी सकाळी कच्च्या दाण्याचा अर्क याच बाटल्यांवर घालून दाखवायचा, गठ्ठे झाले तर सही, नाही झाले तर बाटल्या कुकरमध्ये आणि भटूभाऊ कडोदऱ्याला. एवढं बोलून ते डबा घेऊन खोलीत गेले. खाल्ला की नाही माहीत नाही.

घरी भिजत घातलेले दाणे मी आणले. बुधवारी दुपारी भटूभाऊंनी आणि मी समोरासमोर बसून सालं काढली. गुरुवारी अर्क केला, रक्ताच्या पेशींवर तपासला आणि वहीत या वेळी खरी खूण केली. पण पेशींवर चालला म्हणून जंतूंवर चालेलच असं नसतं. सर म्हणतात तसं जंतूच बिघडलेले असले तर? भटूभाऊंना मी हे बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. नुसते दोन तासांनी एकदा बाटली उजेडात धरायचे आणि ठेवायचे.

शुक्रवारी साडेदहाला एका काचेवर लहान पोरं, दुसऱ्या काचेवर वयात आलेली. दोन्हींवर एकेक थेंब अर्क. सर बाजूला, हातात तो कागद, खिशाला पेन. भटूभाऊ दाराजवळ. मी भिंगाला डोळा लावला आणि मला काही दिसेना, कारण डोळ्यांत पाणी होतं. पुसून पुन्हा बघितलं.

गठ्ठे. द्राक्षांच्या घडासारखे गठ्ठे. दुसऱ्या काचेवर मोठे सगळे मोकळे, सैरावैरा पोहत.

सरांनी बघितलं. एकदा, दोनदा. मग भिंतीला कागद टेकवून सही केली, इतकी जोरात की पेन कागदाच्या आरपार गेलं. "लो भटूभाई," ते म्हणाले आणि कागद पुढे केला. "परमेनन्ट."

भटूभाऊ पुढे आले, पण कागदाकडे नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, मी पाहू का?"

तीन वर्षं. तीन वर्षं या माणसाने ती पोरं सांभाळली, बर्फ घातला, रविवार घातले, आणि भिंगातून एकदा बघा असं मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. सुचलंच नव्हतं. मी उठले आणि माझं स्टूल त्यांना दिलं.

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मी चाक फिरवून काच नीट केली. मग ते एकदम स्थिर झाले.

"जित्ता शेतस, ताई," ते म्हणाले. "हालतस. शेपट्या शे त्यास्ले."

"भटूभाई," सर म्हणाले. कागद अजून त्यांच्या हातात होता आणि मुख्य कार्यालय बाराला जेवायला बंद व्हायचं.

सर त्यांच्या उजव्या बाजूला उभे होते, तेव्हा ऐकू आलं नाही असं म्हणता येणार नाही. भटूभाऊंनी भिंगावरचा डोळा न काढता डावा हात वर केला. "साहेब, एक मिनिट थोभो," ते म्हणाले.

तीन वर्षांत त्या माणसाने कुणाला थांब म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. मला हसू फुटलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि मी दोन्ही लपवलं नाही. डॉ. भाईदास जरीवाला कागद हातात धरून उभे राहिले, आणि एक मिनिट झालं तरी काही बोलले नाहीत.